पूल बघायचा म्हणजे नेमकं काय बघायचं?

२०१८च्या डिसेंबरात एलटीसी घेऊन आम्ही कलकत्त्याला गेलो होतो. एलटीसीचं आम्हा कारकून मंडळींचं ठरलेलं असतं. पहिली तीन वर्षं 'जाऊ या, जाऊ या' म्हणण्यात जातात आणि मुदत संपत आली की धावपळ करून जमेल ते तिकीट काढायचं. तर तसे आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि मुलगी, हावडा स्टेशनवर उतरलो. स्टेशनच्या बाहेर आलं की तो समोरच उभा असतो. हावडा ब्रिज. सिनेमांतून इतक्या वेळा पाहिलेला की ओळखीचं माणूस न्यायला आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शहर दाखवणाऱ्या एजंटाने हातात कागद दिला. त्यात व्हिक्टोरिया, म्युझियम, दक्षिणेश्वर आणि तिसऱ्या ओळीत 'हावडा ब्रिज (गाडीतून)'. पिवळी टॅक्सी पुलावर चढली, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या सर्रसर मागे गेल्या, एका बसच्या मागे जरा अडकलो, उतरलो. ड्रायव्हर म्हणाला, "देख लिया ना मैडम?" मुलीने विचारलं, "झालं?" कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर नवऱ्याने खूण केली. झालं.

मला मात्र ते काही बरं वाटेना. त्याला कारण आहे, ते पुढे सांगते. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून आम्ही त्या पुलावरून चालत जायचं ठरवलं.

या पुलाची माहिती थोडक्यात सांगायला हवी. तो होण्याआधी तिथे १८७४ पासून तरंगता पूल होता. जहाज आलं की मधला भाग बाजूला करायचा, तोवर दोन्ही काठांवर माणसं आणि गाड्या ताटकळत. (बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) आताचा पूल १९३६ ते १९४२ या काळात बांधला. नदीत एकही खांब नाही. दोन काठांवरच्या दोन प्रचंड मनोऱ्यांमधलं अंतर ४५७ मीटर, आणि रस्ता वरच्या सांगाड्याला टांगलेला. साडेसव्वीस हजार टन पोलाद लागलं, त्यातलं तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्यातलं. नट-बोल्ट कुठेही नाहीत, सगळं रिव्हेट मारून जोडलेलं. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी तो सुरू झाला तो समारंभाशिवाय, कारण जपानी विमानांची भीती होती. १९६५ साली त्याला 'रवींद्र सेतू' हे नाव दिलं, पण टॅक्सीवाल्यापासून एजंटापर्यंत ते कुणाच्या तोंडून आम्ही ऐकलं नाही.

पण मला पूल कळला तो या आकड्यांतून नव्हे. दोन्ही अंगांना पंधरा पंधरा फूट रुंद पदपथ आहेत. पंधरा फूट! आमच्याकडे काही गावांत आख्खा रस्ता तेवढा नसतो. त्या पदपथावरून पहाटे साडेसहाला माणसांची नदी वाहत होती. डोक्यावर कोंबड्यांचे खुराडे, मासळीच्या टोपल्या, कापडाचे गठ्ठे, पाठीवर दप्तरं, हातात जेवणाचे डबे. कुणीही पुलाकडे बघत नव्हतं. मी मध्यावर थांबून वर मान करून फोटो काढायला गेले, तर मागून एक हमाल ओरडला. भाषा कळली नाही, अर्थ कळला. त्याच्या डोक्यावर माझ्या वजनाएवढं ओझं होतं आणि मी त्याची वाट अडवून उभी होते. खरंच लाज वाटली. फोटो तसाच राहिला.

पलीकडे उतरल्यावर पुलाच्या सावलीतच मल्लिक घाटाचा फुलबाजार. आम्ही ज्यांना रोजां म्हणतो त्या झेंडूच्या माळांचे डोंगर, आणि त्यातून वाट काढत नदीवर आंघोळीला जाणारी माणसं. तिथून मागे वळून पाहिलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आता दिसला." मग फेरीबोटीने हावड्याला परत. खालून बघताना त्या सांगाड्याचं वजन पोटात जाणवतं.

आता ते कारण. मी पहिल्यांदा 'बघायला' म्हणून गेले तो पूल मोडलेला होता. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा पणजीत नोकरीला, आम्ही बार्देशात. एका रविवारी त्यांनी मला बेतीला नेऊन तो दाखवला. पावसात छत्र्या घेऊन माणसं आली होती, कुणी काही बोलत नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं बाबा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले, आणि रात्री उशीर झाला की आई दारात. पूल ही पोस्टकार्डावरची वस्तू नाही, एवढं मला त्या वयातच कळलं.

म्हणून आमच्याकडे आता जे चाललं आहे ते मला खटकतं. जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवर अटल सेतू झाला. देखणा आहे, रात्री दिव्यांनी उजळतो, पर्यटक पणजीच्या काठावरून त्याचे फोटो काढतात. पण त्यावर दुचाकीला बंदी, तिचाकीला बंदी, आणि चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. झुवारीवरचा नवा पूल डिसेंबर २०२२ आणि २०२३ अशा दोन टप्प्यांत सुरू झाला. तिथे पर्यटकांसाठी उंच मनोरे उभारायचं ठरलं आहे. लिफ्टने वर जायचं, उपाहारगृहात बसायचं, नदी बघायची. मनोऱ्यांना माझा विरोध नाही, होऊ देत. पण बघायला येणाऱ्याची एवढी चिंता करतो, तशी पुलावरून चालत जाऊ इच्छिणाऱ्याची केव्हा करणार? रायबंदरचा तो सतराव्या शतकातला लिन्हारेसचा सेतू अजून वाहतूक पेलतो आहे. ओल्ड गोव्याला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या रोज त्यावरून धावतात, आणि आपण पावणेचारशेहून अधिक वर्षांच्या पुलावर आहोत हे बहुतेकांना ठाऊकही नसतं.

यावर मिळणारं उत्तरही मला पाठ आहे, सरकारी कचेरीत वीस वर्षं काढली आहेत. "माणसं चालायला लागली की थुंकणार, कचरा करणार." खरं आहे. हावड्याला तेच झालं. पान नि गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी, पूल ज्या पोलादी दांड्यांवर लटकला आहे त्यांच्या बुंध्यांवरची आवरणं खाल्ली. मग २०११ साली बुंध्यांना फायबरग्लासची आवरणं घातली. पण पदपथ बंद केला नाही. तो बंद करणं कुणाला सुचलं असतं तरी जमलं नसतं, कारण सकाळी त्या हमालाला कुठून जायला सांगणार?

आमच्याकडे तसा हमाल नाही म्हणून सोपं जातं. पण पर्वरीहून पणजीला चालत येणारा एखादा तरी असेलच की. कुणी मोजला आहे?

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. पोलाद, रिव्हेट, जपानी विमानं. ते ऐकत होते, पण त्यांनी विचारलं एवढंच: "मदें रावून सकयल पळयलें गो?" मध्ये उभं राहून खाली पाहिलंस का? जुन्या पुलावर ते रोज संध्याकाळी तसं करायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, नाही बाबा, हमालाने उभंच राहू दिलं नाही. ते हसले, आणि आईला चहा ठेवायला सांगितला.