मुलगी शांत आहे, पण तिचं बरं चाललंय का?

मुलगा रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गेम खेळतो, हेडफोन लावून ओरडतो, पेपरात नापास होतो, आणि घर हादरतं. त्याला डॉक्टरकडे नेतात. पलीकडच्या खोलीत त्याची बहीण तितक्याच उशिरापर्यंत पांघरुणाखाली रील्स बघत असते. ती कॉलेजला जाते, उलटून बोलत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. आईबाबांनो, मला आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

साधारणपणे मुलगे गेम आणि पैशांच्या खेळांकडे जास्त ओढले जातात, मुली फोटो, चॅट आणि रील्सकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत गेमच्या व्यसनाची नोंद आहे; ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. सोशल मीडियाच्या व्यसनाला मात्र तिथे वेगळं नाव नाही. म्हणजे मुलाच्या त्रासाला नाव तरी मिळालं.

पण गेमसाठी जी लक्षणं सांगितली आहेत, ती मुलीच्या बाबतीतही पाहा. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही. बाकी सगळं मागे पडतं. नुकसान दिसत असूनही हात तिकडेच जातो. तिची झोप, तिचं जेवण, घरी येणाऱ्या मैत्रिणी यांत वर्षभरात काय बदललं? स्वतःचा फोटो टाकून दहा मिनिटांत पुसते का?

मात्र फोन हिसकावू नका. मुलाला समुपदेशन आणि मुलीचा फोन बंद, हा न्याय पुष्कळ घरांत चालतो, आणि तो घातक आहे. उद्या कुणी तिला फोटोवरून धमकावलं, तर फोन जाईल या भीतीने ती तुम्हाला सांगणारच नाही. तिच्याजवळ बसा, काय बघतेस ते दाखव म्हणा, आणि खरंच बघा.

आणि फोन बाजूला ठेवायचाच, तर सगळ्यांनी मिळून ठेवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला; तो वाजला, की दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. थोरामोठ्यांचेसुद्धा. घरात एवढं जमलं तरी पुष्कळ.

तरीही आवरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुलासाठी लावाल, तेव्हा मुलीचंही सांगा.