किलोवर जाणारी यंत्रे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक सुरू झाला. आर. नरसिंहन यांच्या चमूने उभारलेल्या या धुडात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या; स्मृती मात्र अवघी २,०४८ शब्दांची! तारांत ओवलेले फेराइटचे एकेक इवले कडे एकेक बिट धरून ठेवायचे. १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅक मागे पडला.

अशी यंत्रे जपणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे. इंग्लंडात ब्लेचली पार्कला १९५१ चा हार्वेल संगणक २०१२ साली पुन्हा चालता केला गेला.

आपल्याकडे निर्लेखनाचा शेरा पडला, की कपाटाएवढे यंत्रही किलोवर जाते. पाटोद्यातल्या एखाद्या कचेरीच्या अडगळीत जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर निघाला, तर काट्यावर चढवण्याआधी तो चालवणाऱ्या निवृत्त कारकुनाला गाठावे. रिबन कशी बसवायची, हे त्यालाच ठाऊक असेल.