सोंगणीचा हंगाम आणि हजेरीपट

भूमिहीन दलित कुटुंबातील मुलगा अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावी पदवीच्या पहिल्या वर्षात नाव घालतो आणि तिसऱ्या वर्षाच्या आत दिसेनासा होतो, तेव्हा ‘गोडी नव्हती’ असा निर्वाळा देऊन आपण मोकळे होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उत्तर पटणारे नाही. सोयाबीनची सोंगणी आणि आंबिया संत्र्याची तोड दिवाळीच्या मागेपुढे येते. सत्रपरीक्षाही त्याच सुमारास. त्या दिवसांत वर्गात बसणे म्हणजे घरात येणारी मजुरी बुडविणे होय. ही बुडालेली मजुरी हाच त्याच्या शिक्षणाचा खरा खर्च. शुल्कमाफीने तो भागत नाही. बहिणीचे शिक्षण लग्नापायी तुटते, त्याचे ‘कर्ता मुलगा’ या बिरुदापायी.

शासन यावर काय देते? अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार घरून ये-जा करणाऱ्या सर्वसाधारण पदवीच्या विद्यार्थ्याचा वार्षिक भत्ता ३,००० रुपये आहे. दिवसाला नऊ रुपयेदेखील नव्हेत! आणि तेही पुष्कळदा परीक्षा आटोपल्यावर खात्यात पडतात.

अमेरिकेतील दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतून कृष्णवर्णीय तरुण का गळतात, यावर तिकडे विपुल लेखन झाले आहे. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये विद्यार्थी महाविद्यालयीन जीवनात कितपत मिसळतो यावर भर दिला. पुढील अभ्यासकांनी विचारले, की नोकरी सांभाळून घरून येणाऱ्याने मिसळावे केव्हा? शेवटची एस.टी. गाठणाऱ्या आपल्या मुलाचेही तेच. शिवाय जातीची भिंत निराळीच. याच तालुक्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी धर्मशाळांबरोबर शाळा आणि वसतिगृहांसाठीही पैसा उभा केला. निवारा व अन्न हे शिक्षणाचेच अंग आहे, हे त्या निरक्षर पुरुषाला उमगले होते.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका देऊन बाहेर पडण्याची सोय केली. सधन घरचा मुलगा तिचा लाभ घेऊन परत येईलही. मजुराचा मुलगा मात्र कागदोपत्री गळलेला न दिसता ‘बाहेर पडलेला’ दिसेल, आणि गळतीचा आकडा आपोआप उतरेल. ही चलाखी कार्यकर्त्यांनी ओळखली पाहिजे.

मागेल त्याला काम हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात मान्य केले. मग शिकणाऱ्या मजूरपुत्राचा भत्ता शेतमजुरीच्या किमान दराशी बांधून तो दरमहा, सोंगणीपूर्वी, त्याच्या हाती का पडू नये? समाजकल्याण कार्यालयात हा प्रश्न नेताना गेल्या तीन वर्षांचे हजेरीपटही सोबत असावेत.