रक्ताचा अहवाल आणि आपण

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, हे वाक्य मी शाळेपासून निबंधात लिहीत आलो आणि त्याला मार्कही मिळत गेले. पण विज्ञान आपल्या घरात शिरते म्हणजे नेमके काय होते, ते मला गेल्या वर्षी आमच्याच ओट्यावर कळले. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या गावी सिकलसेल तपासणीचे शिबिर झाले. मी आणि माझी मामेबहीण एकाच रांगेत उभे होतो. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि एका नळीतल्या द्रावणात टाकला. नळीमागे रेघा ओढलेला कागद होता. निरोगी रक्त असले तर द्रावण स्वच्छ राहते व पलीकडच्या रेघा दिसतात. रक्तात सिकल हिमोग्लोबिन असले तर द्रावण गढूळ होते आणि रेघा दिसेनाशा होतात. आम्हां दोघांच्याही रेघा दिसेनाशा झाल्या. पुढे इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी झाली आणि दोघांच्याही कार्डावर एकच शब्द आला : वाहक.

महिनाभरात बहिणीचे ठरत आलेले लग्न मोडले. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, "पोरीच्या रक्तातच खोट हाये." माझेही कार्ड तेच होते, पण मला कोणी चकार शब्दाने बोलले नाही. मी मायला विचारले, तर ती म्हणाली, "पोरीचं सारं पाह्यतेत बाबू, पोराले कोन पुसते?"

मित्रहो, ही 'खोट' म्हणजे काय ते आपण आधी समजून घेऊ. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची एक साखळी असते. तिच्यात 146 अमिनो आम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात. त्यांतला सहावा मणी तेवढा बदललेला असतो. 'दिन' लिहिताना वेलांटी दीर्घ झाली की दिवसाचा दुबळा होतो, तसेच हे आहे. डीएनएच्या लिपीत एक अक्षर बदलते. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, लहान रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य कळा येतात. हिमोग्लोबिनच्या रेणूतच फरक आहे, हे लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली दाखवले. विजेच्या क्षेत्रात दोन्ही हिमोग्लोबिन वेगवेगळी सरकतात, हे त्यांना दिसले. आमच्या कार्डामागची युक्ती तीच. पुढे 1956-57 मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका बदललेला मणी शोधून काढला.

हे जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून आले, तरच मूल सिकलसेल आजाराचे रुग्ण होते. एकाकडून आले तर ते फक्त वाहक होते, आणि वाहक सहसा आजारी नसतो. तो शेतात राबतो, शिकतो, खेळतो. दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते. पण एक वाहक व एक निरोगी अशा जोडप्याला या आजाराचे रुग्ण मूल होत नाही.

आता सांगा, बहिणीचे लग्न मोडणाऱ्यांनी कोणते विज्ञान वापरले? तिचे रक्त तपासलेलेच होते. तपासायचे राहिले होते ते मुलाचे. तो वाहक नसता तर काळजीचे कारणच नव्हते. ज्या एका गोष्टीवर सारे अवलंबून होते, ती न विचारताच निकाल लागला. पत्रिकेतल्या मंगळाच्या जागी आपण सिकलसेलचे कार्ड ठेवले, एवढाच काय तो फरक झाला. जुनी अंधश्रद्धा गेली नाही, तिला सरकारी शिक्का मिळाला.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. या जनुकाचा एकच अंश असला, तर घातक हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. हिवतापाच्या मुलखात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, त्यांच्यात हे जनुक टिकले ते म्हणूनच. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आदिवासी बांधवांत ते आहे. विदर्भात इतर समाजांतही आहे. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही आहे. हे कुणाच्या पापाचे फळ नाही, की कुणाच्या जातीचा डागही नाही.

विज्ञान तर फार पुढे गेले आहे. 'क्रिस्पर' या जनुके कापण्याच्या तंत्रासाठी शार्पेंतिए व डाउडना या दोन स्त्रियांना 2020 चे नोबेल मिळाले. त्या तंत्रावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला 2023 च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत त्यांत बदल करतात. मग शरीर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार करू लागते. पण अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटी रुपयांच्या घरात ठेवली गेली. आपल्या देशातही दिल्लीच्या संशोधन संस्थेत स्वस्त उपचारासाठी काम चालू आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. तोवर हायड्रॉक्सियुरियाची साधी गोळी वेळेवर मिळणे, हेच आमच्याकडच्या रुग्णाला क्रिस्परपेक्षा जवळचे आहे.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी झालीच पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. पण कार्ड हाती देणे आणि कार्डाचा अर्थ समजावणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम प्रयोगशाळेचे आहे. दुसरे कुणाचे?

माझा सायन्सचा एक मित्र म्हणतो, "तुम्हां आर्ट्सवाल्यांना जनुकाचे काय करायचे?" मला वाटते, दुसरे काम आपलेच आहे. आजीला तिच्या बोलीत समजेल असे सांगणे, लग्नाच्या बैठकीत धिटाईने बोलणे, पथनाट्य लिहिणे हे भाषेचे आणि समाजशास्त्राचे काम नव्हे काय? आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. घरी कार्ड आले तेव्हा ते वाचणारा मीच होतो. पण मी 'वाहक' हा शब्द वाचून दाखवला आणि गप्प बसलो. तेव्हा दोन वाक्ये जास्त बोललो असतो, मुलाची तपासणी करा म्हणून मामासोबत त्यांच्याकडे गेलो असतो, तर कदाचित निरोप वेगळा आला असता. ही बोच अजून जात नाही.

म्हणून गुरुजनांना विनंती, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात हा विषय घ्यावा, आणि तो मुला-मुलींना एकत्र बसवून सांगावा. अहवाल ज्याचा त्याचा खाजगी असावा. तो दाखवण्याची सक्ती मुलीवर होऊ नये. पाहायचेच असेल तर दोन्हीकडचे पाहावे. दोघेही वाहक निघाले, तरी समुपदेशन आणि गर्भाची वेळेवर तपासणी हे मार्ग आहेत. निर्णय त्या दोघांचा असावा.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. उद्या माझ्या लग्नाची बोलणी निघाली, तर मुलीला काही विचारण्याआधी माझे कार्ड मी समोर ठेवीन. तोवर हा लेख हेच माझे कार्ड समजावे.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष, कला