फोन काढून घेण्याआधी

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा मंचांवर स्वतःचे खाते ठेवता येत नाही. नियम मोडला तर दंड मुलाला किंवा पालकांना होत नाही, कंपनीला होतो आणि तो ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत असू शकतो. आपल्याकडेही वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केलेल्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकांची पडताळलेली संमती घ्यायची आहे. या तरतुदीच्या तयारीसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. तेव्हापासून ‘आपणही बंदी घालावी का’ ही चर्चा पालकसभांपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सुरू आहे.

ही चर्चा आवश्यक आहेच. पण ती दारावरच्या पहाऱ्याची आहे. कोणाला आत सोडायचे, कोणत्या वयाला सोडायचे, एवढेच ती ठरवते. ऑस्ट्रेलियाच्या बंदीतून व्हॉट्सॲपसारखी संदेशांची ॲप वगळलेली आहेत. अकरावी-बारावीची मुले आणि वसतिगृहात राहणारे महाविद्यालयीन विद्यार्थी या वयोमर्यादेच्या बाहेर आहेत. आत गेलेला विद्यार्थी अडचणीत सापडला तर पहिल्या काही तासांत त्याने काय करायचे, हा प्रश्न वयाची अट कितीही कडक केली तरी उरतो. विद्यार्थ्याची सुरक्षितता बरीचशी याच प्रश्नावर अवलंबून आहे.

एका गुन्ह्यावरून हे स्पष्ट होईल. इंग्रजीत त्याला ‘सेक्स्टॉर्शन’ म्हणतात. खासगी फोटो किंवा व्हिडिओच्या धाकाने उकळलेली खंडणी. त्याची पद्धत आता ठरून गेली आहे. अनोळखी खात्यावरून मैत्रीची विनंती येते. खात्यावर फोटो असतात, आपल्याच ओळखीचे दोन-चार जण त्याच्या यादीत असतात. एक-दोन दिवस गप्पा होतात, मग दुसऱ्या ॲपवर बोलावले जाते. तिथे फोटोंची देवाणघेवाण होते किंवा व्हिडिओ कॉल येतो आणि तो परस्पर रेकॉर्ड केला जातो. काही मिनिटांत पुढचा संदेश येतो. त्यात मुलाच्या मित्रांच्या, नातेवाइकांच्या नावांचा स्क्रीनशॉट असतो आणि ‘अर्ध्या तासात पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’ अशी धमकी असते. आपल्याकडे त्यानंतर पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करणारा फोनही येतो. आता तर खरा फोटो लागतोच असे नाही. साध्या फोटोवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने बनावट नग्न फोटो तयार करता येतो.

अमेरिकेच्या एफबीआयने दिलेल्या आकडेवारीनुसार ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात अल्पवयीनांकडून अशी खंडणी मागितल्याच्या १३ हजारांहून अधिक तक्रारी तिथल्या यंत्रणांकडे आल्या. बळींत मुलगे अधिक होते आणि किमान २० मुलांनी जीव गमावला. आपल्याकडच्या पालकांनीही हे लक्षात घ्यावे. मुलीच्या फोनवर घरात सगळ्यांचे लक्ष असते. मुलाला ‘काय होणार आहे’ म्हणून मोकळे सोडले जाते. या गुन्ह्यातल्या टोळ्या मात्र नेमके मुलगे शोधतात.

हुशार मूलही यात का अडकते, याचे एक उत्तर मेंदूच्या वाढीत आहे. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. बक्षिसाला, कौतुकाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ दिला होता. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचे की पुढे जायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. बरोबरीचे मित्र शेजारी बसले की किशोरवयीन मुले एकट्याने खेळताना घेत त्यापेक्षा बराच अधिक धोका पत्करत. प्रौढांमध्ये असा फरक जवळजवळ दिसला नाही. समाजमाध्यमांवर हे मित्र कायम शेजारी बसलेले असतात. खंडणीखोर त्याचाच उलटा वापर करतो. मित्रांसमोर अब्रू जाण्याची भीती या वयात सर्वांत मोठी असते आणि अर्ध्या तासाची मुदत दिली की विचार करायला वेळच राहत नाही.

त्यात आणखी एक भीती मिसळते, ती घरातली. ‘आईबाबांना कळले तर फोन जाईल, क्लास बंद होईल, मार बसेल.’ मूल मग तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत राहते. पैसे दिले तरी धमक्या थांबत नाहीत. हा पैसे देतो एवढे समोरच्याला कळते आणि मागणी वाढते. म्हणजे ‘काही झाले तर फोन काढून घेईन’ हे आपण शिस्त म्हणून उच्चारलेले वाक्य गुन्हेगाराच्या कामी येते. मुलाने गप्प राहावे, एवढेच त्याला हवे असते.

वास्तविक वेळेत बोलले तर करण्यासारखे बरेच आहे. घाबरून सगळे चॅट आणि फोटो पुसून टाकणे ही पहिली चूक. समोरच्या खात्याचे नाव, मोबाइल क्रमांक, यूपीआय आयडी, धमकीचे संदेश यांचे स्क्रीनशॉट आधी घ्यावेत आणि मगच त्या खात्याची तक्रार करून त्याला ब्लॉक करावे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तातडीने फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवले जातात, त्याआधी ते गोठवता आले तर परत मिळण्याची शक्यता राहते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही नोंदवता येते.

फोटो पसरू नये यासाठीही तंत्रज्ञान आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अठरा वर्षांखालील असताना काढलेल्या फोटोंसाठी आहे. प्रौढांसाठी ब्रिटनमधून चालणारी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सेवा आहे. दोन्ही भारतातून वापरता येतात. इथे फोटो कोणालाच पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक गणिती ठसा तयार होतो, त्याला ‘हॅश’ म्हणतात. प्रतिमेतल्या उजेड-अंधाराची मांडणी ठरावीक लांबीच्या आकड्यांत उतरवलेली असते. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशावरून त्याचा चेहरा काढता येत नाही. तसेच हॅशवरून मूळ फोटो परत मिळवता येत नाही. फक्त हा ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कोणी चढवू लागले की ठसा जुळतो आणि कंपनीला तो अडवता येतो. मर्यादाही आहेत. फोटो फार कापला-बदलला तर ठसा जुळत नाही आणि व्हॉट्सॲपसारख्या कूटबद्ध संभाषणात ही तपासणी पोहोचत नाही. पण ठसा घ्यायला मूळ फोटो हाताशी लागतो. तक्रार आणि ठसा आधी, पुसणे नंतर, असा क्रम त्यामुळेच.

कायदाही बळी पडलेल्याच्या बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये आले तेव्हा असे खासगी किंवा बनावट फोटो संबंधित व्यक्तीच्या तक्रारीनंतर हटवायला कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून देण्यात आली होती.

जबाबदारीचा प्रश्न खरा येतो तो वर्गातल्या इतरांचा. एका मुलीचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर आला, तर तो पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या गुन्ह्यात सामील होतो. ‘हे खरं आहे का रे?’ असे विचारत पाठवला तरीही. मुलांची लैंगिक दृश्ये प्रसारित करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळी त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आरोपी स्वतः अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात आणखी स्पष्ट केले की, अशी सामग्री पुढे पाठवण्याच्या हेतूने, न पुसता आणि न कळवता जवळ बाळगणे हाही पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. पालकांनीही पुरावा म्हणून तो फोटो काका-मामांना किंवा शिक्षकांना पाठवू नये. फोन घेऊन थेट पोलिसांकडे जावे.

शाळांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. नावाला बट्टा लागू नये म्हणून ‘आपसात मिटवून टाकू’ असे म्हणण्याची मुभा संस्थेला नाही. मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वर्षातून एकदा सायबर सुरक्षेवर व्याख्यान ठेवण्याबरोबर, अडचणीत आलेल्या मुलाने नेमके कोणत्या शिक्षकाकडे जायचे, हे प्रत्येक वर्गात सांगितलेले असावे.

या सगळ्यात मुलाच्या मनावर येणारा ताण सर्वांत तातडीचा असतो. झोप उडणे, जेवण टाळणे, फोन वाजला की दचकणे, अचानक पैशांची मागणी, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशी भाषा, यांतले काहीही दिसले तर मुलाला एकटे सोडू नये. चौकशी नंतर करता येते. टेलि-मानस या मोफत मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतात.

बंदी येईल की नाही, ते सरकार ठरवील. घरातला नियम आजच बदलता येतो. मुलाला आज रात्री जेवताना एवढे सांगावे: ‘ऑनलाइन तुझ्या हातून काहीही चूक झाली तरी पहिल्यांदा मला सांग. मी फोन काढून घेणार नाही, रागावणार नाही. आधी आपण दोघे मिळून ते निस्तरू.’ आणि वेळ आली, तर हा शब्द पाळावा. तो एकदा मोडला की पुढच्या वेळी मूल सांगायला येणार नाही.