सगळ्यांत मागची सायकल

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ संपतो, डबे घासून पुसून फळीवर जातात आणि थंडीबरोबर हल्ली गावोगावी आणखी एक गोष्ट सुरू होते. ती म्हणजे रविवारची सायकल फेरी! नाक्यावर फलक लागतो, मोबाइलवर निरोप फिरतो. ‘अमुक रुग्णांच्या मदतीसाठी सायकल फेरी, महिलांचे स्वागत, टी-शर्ट मोफत.’ आपण तो निरोप दोनदा वाचतो. शाळेत असताना आपणही सायकल चालवत होतो हे आठवतं. मग मनात येतं, आता या वयात? लोक काय म्हणतील? आणि आपण मोबाइल बाजूला ठेवून कणीक मळायला घेतो. खरं की नाही?

आज या फेऱ्यांबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी राहते वेरूळला, इथल्याच शाळेत अर्धवेळ शिकवते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, आमच्यापासून साधारण तीस किलोमीटर. हौशी सायकलवाल्यांना हे अंतर अगदी मापाचं वाटत असावं. थंडीतल्या रविवारी सकाळी त्यांचे गट लेण्यांपर्यंत येतात, पोहे खातात, चहा पितात, फोटो काढतात आणि परत फिरतात. पुढचे येतात ते भरधाव. त्यांच्या मागून, कधी पाऊण तासानं, लाल झालेल्या चेहऱ्याची एखादी बाई येते. पुढच्यांचा चहा तोवर पिऊन झालेला असतो आणि परतायची घाई सुरू झालेली असते. मी नेहमी पाहते ती या शेवटच्या सायकलीकडे. तिच्यासाठी कोणी थांबलंय का, एवढ्यावरून गट कसा आहे ते कळतं.

बाईनं सायकल चालवायची यात नवल काही उरलेलं नाही. १९९१च्या सुमारास तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेची मोठी चळवळ झाली. शीला राणी चुंकत या बाई तिथे जिल्हाधिकारी होत्या. अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची असं ठरलं आणि खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली घेतल्या!

आपल्याकडचंच सांगायचं तर डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा काढली. पाठीच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः गाडीत आडवे पडून जात होते आणि बरोबर शंभरावर तरुण मंडळी सायकलवर होती. त्यांत मुलीही होत्या. चांगल्या कामासाठी सायकलवरून निघायचं ही कल्पना आपल्या मराठी माणसांना परकी नाही ती अशी. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवरून जगाची फेरी पुरी केली. पुण्याच्याच प्रीती मस्के या दोन मुलांच्या आई. चाळिशीच्या आसपास त्या खेळाकडे वळल्या आणि २०२२ साली लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर त्यांनी ५५ तास १३ मिनिटांत कापलं.

आता तुम्ही म्हणाल, त्या कुठे आणि आपण कुठे! अगदी बरोबर. आपल्याला लेह गाठायचं नाही. आपल्याला रविवारी सकाळी निघून जेवणाच्या वेळेपर्यंत धडधाकट घरी यायचंय. पण या साध्या गोष्टीतही बायकांचं कुठे अडतं, ते सांगते.

माझ्या ओळखीच्या एक बाई शहरातून अशाच एका गटाबरोबर वेरूळला निघाल्या. वय चाळीस, उत्साह दांडगा, हौसेनं नवी सायकल घेतलेली. दौलताबादच्या घाटात त्यांची चेन पडली. पुढच्यांना हाका मारल्या, पण ते वळणाआड गेलेले. मागे कोणी नव्हतंच. चेन कशी बसवायची हे ठाऊक नाही. जाणारे-येणारे टकमक बघताहेत. तासभर रस्त्याकडेला बसून शेवटी सायकल एका टेम्पोत टाकून त्या घरी परतल्या. घरी काय ऐकायला मिळालं असेल ते मी लिहायला नकोच. ‘सांगितलं होतं ना!’ त्यानंतर सहा महिने त्या सायकलीवर फक्त ओले टॉवेल वाळत होते.

पाहा हं, बाईंची ताकद कमी पडली नव्हती. घाटही फार मोठा नव्हता. मागे कोणी नव्हतं, एवढंच झालं. म्हणून गटात नाव देण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: सगळ्यांत मागे कोण असतं? चांगल्या गटात एक जाणता माणूस ठरवून शेवटी राहतो. त्याच्याजवळ हवेचा पंप, जादा ट्यूब आणि पान्हे असतात. काहीही झालं तरी तो शेवटच्या सायकलीच्या पुढे जात नाही. शिवाय पाच-सात किलोमीटरवर सगळ्यांनी एकत्र यायच्या जागा ठरलेल्या असतात. असा माणूस आणि अशा जागा नसतील, तर टी-शर्ट कितीही छान असो, नाव देऊ नका. ‘किती वेगानं जाता?’ हे विचारायला संकोच कशाला? ‘ताई, या तर खऱ्या, मग बघू’ असं मोघम उत्तर आलं, तर आपण घरीच बरं.

दुसरी अडचण घरातली. रविवारची सकाळ ही घरात सगळ्यांच्या सुट्टीची, फक्त आपल्याला सोडून. पुष्कळजणी यावर तोडगा काढतात तो असा: पहाटे साडेतीनला उठायचं, पोळ्या-भाजी करून झाकून ठेवायची, सासूबाईंचा चहा थर्मासमध्ये भरायचा आणि मग सायकल काढायची. बायांनो, असं करू नका. अपुऱ्या झोपेनं रस्त्यावर जाणं धोक्याचं, आणि याला सुट्टी म्हणत नाहीत, ही कामाची आणखी एक पाळी झाली. शुक्रवारीच घरात सांगून टाका, ‘परवा सकाळी मी नाही, नाश्त्याचं तुम्ही बघा.’ पोहे कुठे आहेत ते दाखवून ठेवा म्हणजे झालं. पहिल्या रविवारी करपतील, दुसऱ्या रविवारी खाण्यासारखे होतील. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. माझा अनुभव असा की, ‘जाऊ का?’ असं विचारलं तर घरात चर्चा होते. ‘जाणार आहे, दहापर्यंत येते’ असं सांगितलं तर फक्त ‘जपून जा’ म्हणतात.

आता सायकलीकडे वळू. महागडी सायकल पहिल्याच दिवशी घेऊ नका. घरात मुलाची किंवा भाचीची सायकल पडलेली असेल तर दुकानात नेऊन ब्रेक, चेन आणि टायर तपासून घ्या. सीटची उंची अशी हवी की सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीट फार खाली ठेवली की गुडघे दुखतात आणि आपण वयाला दोष देतो! ओढणी घरी ठेवा किंवा घट्ट बांधा, सलवारीच्या उजव्या पायाला रबर लावा, कारण चेन त्याच बाजूला असते. हेल्मेट मात्र हवंच, त्याला पर्याय नाही.

पहिला आठवडा रोज पाच किलोमीटर, मग दहा, मग वीस. वीस किलोमीटर जाऊन दुसऱ्या दिवशी घरातली कामं नेहमीसारखी झाली, तरच लांबच्या फेरीला नाव द्या. चढावर धाप लागणं ठीक, पण चक्कर येत असेल, जिना चढतानाही दम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. आपल्यापैकी कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि आपण त्याला नुसता थकवा म्हणत राहतो. पाण्याच्या बाटलीत लिंबू, मीठ, साखर घाला, खिशात केळं आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवा. आणि चेन बसवणं, हवा भरणं या दोन गोष्टी सायकलवाल्याकडून शिकून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे, भाकरी थापण्यापेक्षा नक्कीच सोपं.

आमच्या वेरूळला यायचं असेल तर रस्ता समजून घ्या. संभाजीनगरहून दौलताबादपर्यंतचा निम्मा रस्ता पायांना फारसा जड जात नाही. पुढे किल्ल्याच्या तटातल्या अरुंद दरवाज्यातून जावं लागतं. तिथे वाहनांची दाटी होते, तेव्हा उतरून कडेनं चालत जाण्यात कमीपणा नाही. मग घाट चढून खुलताबाद, आणि तिथून उतार थेट वेरूळपर्यंत. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, एकदम करकचून दाबू नका. आणि लक्षात ठेवा, येताना जो उतार गंमतीत उतरलात तोच परतताना चढायचाय, तोही दमलेल्या पायांनी. त्यामुळे पहिल्या खेपेला एकाच बाजूचा प्रवास सायकलनं करा आणि परतीला गाडीची सोय असलेला गट पाहा. श्रावणातले सोमवार घृष्णेश्वराच्या गर्दीचे, श्रावणातले शनिवार खुलताबादच्या भद्रा मारुतीचे. ते दिवस टाळा. लेणी मंगळवारी बंद असतात. रस्त्यावर एकामागे एक चला, दोघींनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नका. गप्पांसाठी कैलास लेण्याच्या पुढ्यात भरपूर वेळ आहे.

राहिला मदतनिधीचा प्रश्न. धर्मकार्यासाठी फेरी आहे म्हटलं की आपण पैशांचं विचारत नाही, अवघड वाटतं. पण भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणाऱ्या आपण, इथेच का गप्प? समजा, प्रवेश फी पाचशे रुपये आहे. त्यात टी-शर्ट, पदक, नाश्ता आणि मांडव असा चारशेचा खर्च झाला, तर रुग्णाच्या हाती शंभर पडले. त्यात गैर काही नाही, पण ते आधी कळायला हवं. पैसे कोणत्या संस्थेला जाणार, ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, पावती मिळेल का आणि फेरीनंतर हिशेब सांगणार का, एवढे चार प्रश्न विचारा. चांगले लोक रागवत नाहीत. आणि ‘आम्हाला टी-शर्ट नको, त्याचे पैसे मदतीत घाला’ असं दहा जणींनी म्हटलं, तर पुढच्या वर्षी संयोजकही विचार करतील.

मला विचाराल तर सायकल फेरीतून द्यायची सगळ्यांत शोभणारी मदत म्हणजे सायकलच. आमच्याकडे आठवी-नववीच्या मुली वाड्यावस्त्यांवरून चालत शाळेत येतात. एस.टी.चा पास मुलींना मोफत आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना, ज्या अहिल्याबाईंनी आमच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला त्याच त्या. पण पास असून गाडी वेळेवर नसेल तर? सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत गरजू मुलींना सायकली मिळतात. सगळीकडे नाही आणि सगळ्यांना नाही. सायकल नसलेल्या मुलीचं काय होतं ते मी वर्गात पाहते. आधी पहिला तास बुडतो, मग पावसाळ्यात आठवडा बुडतो, मग एक दिवस वडील सांगायला येतात, ‘बाई, लांब पडतं, पोरीच्या जिवाला घोर नको.’ हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ ओढताना हात जड होतो. आणि शहरात प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या चार सायकली असतातच!

वर सांगितलेल्या त्या बाईंनी पुढे काय केलं माहीत आहे? सायकलीवरचे टॉवेल काढले आणि शेजारच्या तिघींना गोळा केलं. आता चौघी मिळून निघतात. दर वेळी मागे राहायची पाळी एकीची, आणि तिच्याजवळ पंप. मागच्या हिवाळ्यात त्यांनी इमारतीतल्या तीन जुन्या सायकली वर्गणी काढून दुरुस्त करून घेतल्या आणि शाळेत पोचवल्या. त्यांतली एक सायकल घेऊन जाणारी आमची नववीची मुलगी या वर्षी दहावीत आहे आणि तिचा पहिला तास बुडत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात दोन कामं करा. एक, जिन्याखाली कोणाच्या सायकली पडल्या आहेत ते पाहून मालकांना विचारा आणि जवळच्या शाळेतल्या बाईंना गाठून कोणत्या मुलीला गरज आहे ते समजून घ्या. दुसरं, आपल्या गावच्या फेरीवाल्यांना तो प्रश्न विचारा, मागे कोण असतं? उत्तर मिळालं नाही, तर चौघीजणी जमा आणि पाळी लावून घ्या. वेरूळला आलात तर थोडं आधी कळवा. चहा माझ्याकडे, आणि शेवटची येईपर्यंत आधण उतरवणार नाही.