सही त्याची, मर्जी कोणाची?

मनोरुग्णालयात दाखल होण्याच्या दोन मुख्य वाटा २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आखून दिल्या आहेत. पहिली स्वेच्छेची: रुग्णाला आपण काय करतोय ते कळते, कोणाचे दडपण नाही आणि सही त्याची स्वतःची. दुसरी त्याच्या प्रतिनिधीच्या, बहुधा घरच्याच माणसाच्या, अर्जावरची. या दुसऱ्या वाटेवर पहारा कडक आहे. दोघा जाणकारांनी रुग्णाला वेगवेगळे तपासायचे आणि त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. सुरुवातीची मुदत फार तर ३० दिवस. पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवायचे, रुग्ण स्त्री असेल तर ३ दिवसांत.

लोकांना धास्ती वाटते ती या दुसऱ्या वाटेची. आम्हाला काळजी वाटते पहिलीची. फॉर्मवर बोट ठेवून थोरला भाऊ म्हणतो, ‘इथं सही कर, दोन दिवसांत न्यायला येतो.’ सुनेला तर एवढे गोड बोलायचीही गरज नसते. ‘पोरांचं तोंड बघायचं असेल तर सही कर’ म्हटले की झाले. कागदोपत्री रुग्ण आपणहून आला. मग ना दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लागत, ना मंडळाला ७ दिवसांत कळवावे लागत.

आपणहून आलेल्याने घरी जातो म्हटले, तर त्याला सोडावे लागते. तज्ज्ञाला धोका दिसलाच, तर दुसऱ्या वाटेच्या तपासणीसाठी २४ तास थांबवता येते, तेवढेच. पण हे त्याला सांगतो कोण? तो बिचारा भाऊ कधी येतो म्हणून वॉर्डाच्या दाराकडे डोळे लावून बसतो.

रात्र रात्र जागून काढलेल्या घरच्यांची ओढाताण खोटी नाही. माणूस जिवावर उठला असेल, तर त्याला मनाविरुद्धही दाखल करावे लागते. त्यासाठीच दुसरी वाट आहे. ती उघडपणे धरावी. आणि पहिल्या वाटेने दाखल करताना डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर बसवावे, रुग्णाला एकट्याला विचारावे आणि बाहेर पडण्याचा हक्क सांगणारा मराठीतला कागद त्याच्या हाती द्यावा. याला पाच मिनिटे लागतात, पैसा लागत नाही. सक्तीची नोंद सक्ती म्हणून झाली, तर निदान तिचा जाब विचारता येतो. मर्जीच्या नावाखाली खपवलेल्या सक्तीला जाब विचारायला कोणी जातच नाही.